पायांखालचे हात : ॲरन डग्लस यांच्या ‘आकांक्षा’ या चित्राविषयी

चित्रकलेविषयी आपल्यात फारसे लिहिले जात नाही. कविता, आत्मकथन, कथा, फार तर नाटक, एवढ्यापर्यंत आपली समीक्षा येते आणि थांबते. चित्र म्हटले की ते जहांगीर आर्ट गॅलरीतल्या लोकांचे काम, आपला त्याच्याशी काय संबंध, असा आपला एक समज झालेला आहे. हा समज प्रस्थापितांनी करून दिला आणि आपण तो निमूटपणे मान्य केला. खरे पाहता ज्याच्या घरात पुस्तक नव्हते त्याच्या घरातही एक चित्र होतेच. माझ्या घरी पहिले पुस्तक माझ्याबरोबर आले, पाचवीचे बालभारती. बाबासाहेबांची तसबीर मात्र माझ्या जन्माच्या आधीपासून भिंतीवर होती. माझी आई अक्षर वाचू शकत नव्हती, पण ती तसबीर वाचत होती. निळा कोट, हातातले पुस्तक, रोखलेले बोट यांचा अर्थ तिला कोणी शिकवलेला नव्हता.

हे एवढ्यासाठी सांगितले की चित्रातील प्रतीक कसे वाचावे हा विषय मी येथे घेणार आहे, आणि त्यासाठी निवडलेले चित्र आपल्या मातीतले नाही. अमेरिकेतील काळे चित्रकार ॲरन डग्लस यांचे १९३६ सालचे ‘आकांक्षा’ हे ते चित्र. काळ्या लोकांच्या साहित्याशी आपले नाते जुने आहे. दलित पँथरने १९७२ साली आपले नावच तिकडून उचलले. त्याच्याही आधी, १९४६ मध्ये, बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रसंघाकडे जाणाऱ्या निग्रोंच्या अर्जाची चौकशी केली होती. (निग्रो हा शब्द त्या काळचा. नावे व संदर्भ सोडून मी येथे काळे हाच शब्द वापरीन.) कवितेच्या बाबतीत आपण हे नाते पुष्कळ गिरवले, चित्राच्या बाबतीत मात्र नाही.

प्रथम चित्र कोठे लागले होते ते पाहावयास हवे. प्रतीकाचा अर्थ प्रतीकात नसतो, तो पुष्कळसा भिंतीत असतो.

टेक्सास हा प्रदेश १८३६ साली मेक्सिकोपासून अलग झाला. त्याची शताब्दी म्हणून १९३६ मध्ये डॅलस शहरात मोठे प्रदर्शन भरले. आता शताब्दी कशाची, हे पाहा. मेक्सिकोने १८२९ साली गुलामगिरी रद्द केलेली होती. टेक्सास अलग झाला आणि त्याच्या नव्या घटनेने गुलामगिरीला संरक्षण दिले. म्हणजे गोऱ्यांच्या ज्या स्वातंत्र्याचा हा उत्सव होता, ते काळ्यांच्या दृष्टीने बेड्या पक्क्या करणारे स्वातंत्र्य होते. या उत्सवात काळ्या लोकांनी आपले स्वतंत्र दालन मागितले. राज्याने पैसे दिले नाहीत. शेवटी केंद्र सरकारच्या निधीतून १ लाख डॉलर मिळाले आणि ‘हॉल ऑफ निग्रो लाइफ’ नावाची इमारत उभी राहिली. तिचे उद्घाटन १९ जून १९३६ रोजी झाले. तारीख मुद्दाम निवडलेली होती. लिंकनने मुक्तीची घोषणा १ जानेवारी १८६३ रोजी लागू केली, पण टेक्सासच्या गुलामांना ती सांगण्यात आली १९ जून १८६५ रोजी, सुमारे अडीच वर्षांनी. स्वातंत्र्य मिळालेले असते आणि ज्याला मिळाले त्याला कळू दिलेले नसते, हा अनुभव आपल्या वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही.

आणखी एक तारीख येथे आठवते. ३१ मे १९३६ रोजी मुंबईच्या महार परिषदेत बाबासाहेबांनी ‘मुक्ती कोन पथे?’ हे भाषण केले. डॅलसचे दालन उघडले ते त्यानंतर एकोणीस दिवसांनी. या दोन गोष्टींचा परस्परांशी काही संबंध नव्हता, आणि मी तो जोडूही इच्छित नाही. पण दोन्हीकडे एकाच उन्हाळ्यात एकच प्रश्न विचारला जात होता, हे नोंदवून ठेवतो.

या दालनाच्या प्रवेशकक्षासाठी डग्लस यांनी चार चित्रे केली. डग्लस यांचा जन्म १८९९ चा, कॅन्सस राज्यातील टोपेका गावचा. नेब्रास्का विद्यापीठातून १९२२ मध्ये पदवी, मग शाळामास्तरकी, आणि १९२५ मध्ये नोकरी सोडून न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये आगमन. तेथे विनोल्ड राइस या जर्मन चित्रकाराकडे ते शिकले, ॲलन लॉक यांच्या ‘द न्यू निग्रो’ या ग्रंथासाठी त्यांनी चित्रे काढली, आणि दहा वर्षांत त्या चळवळीचा दृश्य चेहरा त्यांच्या हातून तयार झाला. पुढे नॅशव्हिलच्या फिस्क विद्यापीठात त्यांनी १९६६ पर्यंत कला शिकवली. १९७९ मध्ये ते वारले. मास्तर म्हणून आरंभ आणि मास्तर म्हणूनच निवृत्ती, हे मला, एका मास्तराला, जवळचे वाटते.

चार चित्रांपैकी आज दोनच उरली आहेत. एक ‘दास्याकडे’ आणि दुसरे ‘आकांक्षा’. निग्रोने अमेरिकेला काय दिले हे सांगणारे तिसरे आणि एस्तेवानिको या आफ्रिकी संशोधक-प्रवाशाचे चौथे, ही दोन्ही हरवली. प्रदर्शन संपल्यावर ती इमारतच पाडण्यात आली. १९३७ मध्ये त्याच मैदानावर दुसरे प्रदर्शन भरले तेव्हा बाकीच्या इमारती होत्या, ही नव्हती. चार लाखांहून अधिक लोकांनी ती पाहिली होती आणि त्यांत गोरे लोक पुष्कळ होते. ही चित्रे काळ्या माणसाने काढली आहेत यावर त्यांतल्या अनेकांचा विश्वास बसेना, तेव्हा ती डग्लस या निग्रो चित्रकाराने काढली आहेत अशी पाटी तेथे लावावी लागली, अशी नोंद आहे. ‘हे तूच लिहिलेस का?’ हा प्रश्न आपल्यापैकी कोणाला ऐकावा लागलेला नाही? मला पदव्युत्तर वर्गातल्या पहिल्याच निबंधावर तो ऐकावा लागला. असो.

आता चित्र. सुमारे पाच फूट रुंद, पाच फूट उंच, म्हणजे चौरस. तळाशी बेड्या घातलेले हात वर आलेले आहेत. फक्त हात, त्यांना देह नाही, चेहरा नाही. त्या हातांच्या वर चौथऱ्यासारखी बैठक आहे आणि तिच्यावर तीन माणसे आहेत : दोन पुरुष उभे, एक स्त्री बसलेली. त्यांच्याजवळ ज्ञानाची साधने आहेत. पुस्तक आहे, आखणीचा कंपास आहे, गुण्या आहे. तिघांची नजर दूर, वर लागलेली. तिकडे एक टेकडी आहे आणि तिच्यावर उंच इमारतींचे नगर. पाच टोकांची एक मोठी चांदणी चित्रभर पसरलेली आहे. रंग थोडे : जांभळा, निळा, फिका सोनेरी. माणसे सावलीसारखी सपाट.

या शैलीबद्दल थोडे सांगितले पाहिजे, कारण चित्राचे राजकारण निम्मे येथेच आहे. डग्लस यांची माणसे एका विशिष्ट पद्धतीने उभी असतात. डोके आणि पाय बाजूने, छाती समोरून. ही प्राचीन इजिप्तच्या भिंतीवरची रीत. डोळ्यांच्या जागी बारीक फट, ती पश्चिम आफ्रिकेतील दान लोकांच्या मुखवट्यावरून घेतलेली. ज्या रीतीने फराओ रंगवले गेले, त्या रीतीने डग्लस गुलामाच्या नातवाला रंगवतात. हे नुसते अलंकरण नव्हे. त्या काळात अमेरिकेच्या जाहिरातींत, पोस्टकार्डांवर, नाटकांच्या फलकांवर काळ्या माणसाचा चेहरा म्हणजे जाड ओठ, बटबटीत डोळे, दात काढून हसणारा विदूषक. तो चेहरा इतका खराब करून ठेवलेला होता की, चित्रकाराने तो काढायचाच नाही असे ठरवले. सावली काढली. सावलीचे विडंबन करता येत नाही.

रूपवादी समीक्षक येथे म्हणेल की मग व्यक्ती कोठे आहे? सगळे साचे आहेत, ही कला नसून भित्तिपत्रक आहे. हा आक्षेप आपल्या ओळखीचा आहे, आपल्या कवितेवर तो पन्नास वर्षे घेतला गेला. मी त्याला उत्तर देऊन पुढे जाणार होतो. पण प्रामाणिकपणे सांगतो, त्यात थोडे तथ्य आहे. सावली विडंबनापासून वाचवते, आणि त्याची किंमतही घेते. ‘बलुतं’ १९७८ साली आले तेव्हा आपल्याला जे मिळाले ते हेच होते, की आता आपल्याला चेहरे आहेत, आणि ते सगळेच काही देखणे नाहीत. डग्लस तेथपर्यंत जात नाहीत. त्यांचा काळ तो नव्हता, आणि डॅलसची ती भिंतही त्यासाठी नव्हती.

आता रंगांची एक गोष्ट. डग्लस एका रंगाच्या फिक्या-गडद छटांच्या पट्ट्या करतात. एखादी आकृती एका पट्टीतून दुसरीत गेली की तिचा रंग एक घर उजळतो. कडा नाही, रेघ नाही, फक्त उजेडाच्या पायऱ्या. चित्रात एकाच ठिकाणी पूर्ण काळोख आणि एकाच ठिकाणी पूर्ण प्रकाश नसतो, मधल्या पायऱ्या फार असतात. हे मी प्रथम पाहिले तेव्हा मला ते केवळ सुंदर वाटले. नंतर त्या पायऱ्यांनी मला अस्वस्थ केले. त्याचे कारण पुढे येईल.

या चित्राचा रूढ अर्थ सोपा आहे, आणि मीही काही वर्षांपूर्वी एका जयंतीच्या व्याख्यानात तोच सांगितला. हात म्हणजे गुलामगिरीचा भूतकाळ. तीन माणसे म्हणजे शिकलेला वर्तमान. नगर म्हणजे भविष्य. तारा म्हणजे आशा. टाळ्या पडल्या. आमच्या विद्यार्थ्यांच्या गाईडमध्ये प्रतीके अशीच दिलेली असतात : सूर्य म्हणजे क्रांती, पहाट म्हणजे समता, मशाल म्हणजे विचार. आपल्या कवितेतही एके काळी हे नाणे इतके चालले की पुढे गुळगुळीत होऊन त्यावरचा छाप दिसेनासा झाला. प्रतीकाला बरोबरचे चिन्ह लावले की ते मेले.

मला या झोपेतून एका मुलीने जागे केले. मी रविवारी मुलामुलींच्या वसतिगृहातील अभ्यासमंडळात जातो. तेथे या चित्राची मोठी छापील प्रत नेली होती. ही मुलगी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. आई-वडील दर दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, ती मोठ्या भावाबरोबर मागे राहून शिकली. माझे सगळे विवेचन झाल्यावर तिने विचारले, “सर, हे खालचे हात त्यांना वर ढकलतायत, का खाली ओढतायत?” मी म्हणालो, दोन्ही नाही, ते भूतकाळाचे प्रतीक आहेत. ती म्हणाली, “पण सर, ते तर जिवंत दिसतात.”

यावर मला त्या दिवशी उत्तर देता आले नाही. पुढचे सगळे विवेचन म्हणजे त्या प्रश्नावरची माझी उशिरा आलेली टिपणे समजावीत.

हात भूतकाळाचे आहेत, याला एक भक्कम पुरावा आहे. तो दुसऱ्या चित्रात आहे. ‘दास्याकडे’ या चित्रात आफ्रिकेच्या किनाऱ्यावर बेड्या घातलेल्या माणसांची रांग दूरच्या जहाजांकडे चालली आहे. दोन्ही बाजूंनी पानांची दाट झाडी. एक पुरुष चेहरा वर करून ताऱ्याकडे पाहतो आणि ताऱ्याचा किरण त्याच्या चेहऱ्यावरून जातो. आणि एक स्त्री आपले बेड्यांचे हात वर उचलते. ही दोन्ही चित्रे एकाच कक्षात होती. पाहणारा माणूस त्या वर उचललेल्या हातांकडून ‘आकांक्षा’मधील हातांकडे आला असणार, आणि त्याला वाटले असणार की हे तेच हात. जहाजात गेलेले, समुद्रात बुडालेले, शेतात राबलेले. या दृष्टीने हात म्हणजे पूर्वज, आणि वरची तीन माणसे त्यांच्या आधारावर उभी आहेत. हा अर्थ खोटा नाही.

पण तो पुरा नाही. १९३६ च्या टेक्सासमध्ये बेड्यांचे हात संग्रहालयात नव्हते. साखळीने बांधलेल्या कैद्यांच्या टोळ्या दक्षिणेत रस्त्यांवर राबत होत्या. कापसाच्या शेतांत काळी कुटुंबे वाट्याने जमीन कसत होती आणि कर्ज कधी फिटू दिले जात नव्हते. मतदानाचा हक्क कागदावर होता. टेक्सासमध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत मत देता येत नव्हते, आणि तेथे निवडणूक म्हणजे तीच. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९३५ साली ती बंदी वैध ठरवली. ती उठली १९४४ मध्ये. म्हणजे डग्लस चित्र काढत होते तेव्हा हा निकाल जेमतेम वर्षाचा होता. अशा ठिकाणी बेड्यांचे हात काढायचे आणि म्हणायचे, हा आमचा भूतकाळ! गोऱ्या प्रेक्षकाला ते तसे वाचण्याची मुभा होती. झाले-गेले, आता पुढे पाहा, असे म्हणून तो पुढच्या दालनात गेला असेल. काळ्या प्रेक्षकाला ती मुभा नव्हती. कापूस वेचून, रेल्वेने डॅलसला आलेल्या माणसाने ते हात पाहिले तेव्हा त्याने प्रथम आपल्या हातांकडे पाहिले असेल, असे मी धरून चालतो.

चांदणीचेही असेच. पाच टोकांची एकटी चांदणी ही टेक्सासच्या निशाणावरची चांदणी. आयोजकांना ती पाहून संतोष वाटला असेल. परंतु काळ्यांच्या स्मृतीत तारा म्हणजे ध्रुवतारा, रात्री जंगलातून उत्तरेकडे पळणाऱ्या गुलामाची वाट. एकाच आकाराने डग्लस दोघांशी दोन भाषांत बोलतात. मालकासमोर एक अर्थ आणि आपल्या माणसांत दुसरा. ही द्व्यर्थी भाषा शोषितांना फार लवकर येते. भजनात, गाण्यात, वाड्यावरच्या ‘जी’मध्येही ती असते. यात एक गंमत सांगून ठेवतो : टेक्सासचे गुलाम पळत ते बहुधा उत्तरेला नव्हे, दक्षिणेला, मेक्सिकोत. तिकडे गुलामगिरी नव्हती आणि वाट जवळची होती. म्हणजे टेक्सासच्या गुलामाच्या दृष्टीने ध्रुवतारा पाठीमागे होता. प्रतीक दुसऱ्या गावाहून आणले की असे होते, आणि तरी ते चालते.

म्हणून मी म्हणतो की प्रतीकाचा अर्थ लावणे हे आरामखुर्चीतले काम नव्हे. बाबासाहेबांच्या पुतळ्याचे उचललेले बोट आपल्याला ‘शिका’ म्हणते. तेच बोट गावातल्या कोणाला धमकी वाटते. तामिळनाडूत कित्येक ठिकाणी त्या पुतळ्यांभोवती लोखंडी जाळीचे पिंजरे करावे लागले. दगडाचे बोट दोन लोक दोन रीतींनी वाचतात, आणि त्यावरून दगडफेक होते, माणसे मरतात.

आता त्या तीन माणसांकडे येतो. खरी अडचण तेथे आहे.

तिघेही नगराकडे पाहतात. खाली कोणी पाहत नाही. हात त्यांच्या इतके जवळ आहेत की वाकले तर लागतील. पण वाकलेले कोणीच नाही. हे चित्रकाराने अजाणता केले असेल का? मला तसे वाटत नाही, कारण दोनच वर्षांपूर्वी त्यांनी याच्या अगदी उलट चित्र काढले होते. १९३४ मध्ये हार्लेमच्या १३५ व्या रस्त्यावरील ग्रंथालयासाठी डग्लस यांनी ‘निग्रो जीवनाची अंगे’ ही भित्तिचित्रांची मालिका केली. तिच्यातले शेवटचे चित्र ‘मनोऱ्यांचे गाणे’. तेथेही गगनचुंबी इमारती आहेत, पण त्या आकांक्षेच्या नाहीत. एक प्रचंड दातेरी चाक, त्यावरून हातात पेटी घेऊन वर धावणारा माणूस. तो दक्षिणेच्या वेठबिगारीतून पळून आला आहे आणि मागून ओढणाऱ्या पंजाचे भय त्याच्या धावण्यात आहे. मध्ये सॅक्सोफोन उंच धरलेला वादक. इमारतींच्या फटीत, फार दूर, इवलासा स्वातंत्र्यदेवीचा पुतळा. आणि तिसरा माणूस मंदीत काम गेलेला, थकून कोसळणारा. शहर हे यंत्र आहे, ते वर नेते आणि खालीही टाकते, हे त्या चित्रात स्वच्छ आहे. त्या मालिकेत लोकांच्या मधोमध लटकलेला दोर आणि त्याखाली शोक करणारी माणसेही आहेत. माझ्या मते डग्लस यांचे सर्वांत खरे काम तेच.

मग १९३६ मध्ये तेच नगर टेकडीवर जाऊन इतके निष्कलंक कसे झाले? चाक कोठे गेले? कोसळणारा माणूस कोठे गेला? हार्लेमचे ग्रंथालय काळ्या वस्तीतले होते, डॅलसचा कक्ष गोऱ्यांच्या उत्सवातला. पहिल्या ठिकाणी चित्रकार आपल्या लोकांशी बोलत होता, दुसऱ्या ठिकाणी आपल्या लोकांच्या वतीने बोलत होता. वतीने बोलताना माणूस कपडे नीट करतो. मी स्टाफरूममध्ये बोलतो आणि वस्तीत बोलतो ते एकसारखे नसते. स्टाफरूममध्ये मी आमची प्रगती सांगतो.

‘आकांक्षा’ला मी दोष देतो तो एवढाच. ते नगर रिकामे आहे. त्यात माणूस नाही, धूर-घाम नाही, भाडे मागणारा घरमालक नाही. ज्याने ‘मनोऱ्यांचे गाणे’ काढले त्याला नगर काय असते हे ठाऊक होते, आणि येथे त्याने ते ठाऊक नसल्यासारखे केले.

बाबासाहेबांनी १९२० साली ‘मूकनायक’च्या पहिल्या अंकात हिंदू समाजाला मनोऱ्याची उपमा दिली : मजल्यावर मजले, आणि मजल्यांना जोडणारा जिनाच नाही, ज्याने ज्या मजल्यावर जन्म घ्यावा त्याने तेथेच मरावे. डग्लस यांच्या रंगांतल्या त्या उजेडाच्या पायऱ्या मला अस्वस्थ करतात असे मी वर म्हणालो, त्याचे कारण हे. रंगात पायऱ्या आहेत. हातांपासून चौथऱ्यापर्यंत, चौथऱ्यापासून टेकडीपर्यंत एक एक छटा उजळत जाते. डोळा सहज चढतो. पण चढतो तो डोळा. ते हात जेथे आहेत तेथेच आहेत. शिक्षणाने आपल्याला जिना मिळाला असे आपण म्हणतो. मिळाला, हे खरे. माझ्या वडिलांनी सालगडी म्हणून तीस वर्षे एकाच वाड्यावर काढली आणि मी तालुक्याच्या महाविद्यालयात वाङ्मय शिकवतो. पण माझा धाकटा चुलतभाऊ आजही त्याच शिवारात रोजंदारीवर आहे. जिना माझ्यापाशी आला आणि माझ्यामागे उचलून घेतला गेला. तो कोणी उचलला, हे मी बरीच वर्षे पाहिले नाही, कारण माझी नजर नगराकडे होती. बँकेचे घरकर्ज, मुलीची इंग्रजी शाळा, पदोन्नतीसाठीचे शोधनिबंध. १९५६ मध्ये आग्र्याला बाबासाहेबांनी शिकलेल्यांबद्दल जी खंत बोलून दाखवली, ती आपण दर सभेत सांगतो. सांगणारे आपणच असतो, म्हणून ती ऐकू येत नाही.

डग्लस यांना हे दाखवायचे होते का? माझ्या मुलीच्या, म्हणजे त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नानंतर मी असे मानू लागलो की चित्रकाराचा हेतू एक सांगत होता आणि हात दुसरे. आयोजकांना प्रगती हवी होती, त्यांनी प्रगती दिली. पण प्रगतीचे चित्र काढताना त्यांना ते हात वगळता आले नाहीत. नुसती तीन माणसे, पुस्तक आणि नगर काढले असते तरी कोणी तक्रार केली नसती. ते हात काढले आणि देहाशिवाय काढले. पुरलेला माणूस पूर्वज असतो. ज्याचे हात अजून वर येतात तो पुरलेला नसतो.

स्त्रीविषयी एक गोष्ट राहिली. दोन्ही पुरुष उभे, ती बसलेली. पुरुष-चित्रकाराची सवय म्हणून हे सोडून देता येईल, आणि आमच्या मंडळातल्या दुसऱ्या एका मुलीने तसे तिखट शब्दांत म्हटलेही. ते बरोबरच आहे. तरी पाहा, बसल्यामुळे तिघांमध्ये ती हातांच्या सर्वांत जवळ आहे. कोणाचा पदर ओढला गेला तर तिचा ओढला जाईल. आपल्या घरांतही शिकलेल्या मुलाला गाव विसरता येते. शिकलेल्या मुलीला बहिणीचे बाळंतपण, आईचा दवाखाना, भावजयीचे भांडण घेऊनच पुस्तक उघडावे लागते. चित्रातली अवघड जागा तिची आहे, आणि तिच्याजवळ पुस्तक असण्याला त्यामुळे वेगळे वजन येते.

गेल्या एप्रिलमध्ये वसतिगृहाच्या जेवणघराच्या भिंतीवर मुलांनी हे चित्र मोठे करून काढले. जांभळा रंग नीट जमला नाही, तो विटकरीकडे गेला. आधी वाद झाला. काहींचे म्हणणे, तिघांपैकी एकाला खाली वाकवू, त्याचा हात खालच्या हातात देऊ. मला ती कल्पना प्रथम आवडली. ऊसतोडीच्या घरच्या त्या मुलीने विरोध केला. ती म्हणाली, वाकवले तर सगळे म्हणतील झाले काम. जसे आहे तसे राहू द्या, म्हणजे रोज जेवताना दिसेल. मुलांनी मतदान घेतले आणि चित्र डग्लस यांनी काढले तसेच ठेवले. फक्त हात मूळ चित्रापेक्षा थोडे मोठे झाले आहेत, कारण ते तिने काढले.